सागर परिक्रमा : शिडाच्या नौकेवरील जीवन

लहान शिडाच्या नौकेतून महासागर ओलांडताना तिच्यावर चालणारा दिनक्रम. भारतात या जीवनाचा सलग अनुभव मिळाला तो नौदलाच्या ‘सागर परिक्रमा’ मोहिमांमधून. एकट्या भारतीयाने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचा ध्यास. तो पहिल्यांदा पुरा केला कमांडर दिलीप दोंदे यांनी. १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघून वाटेत चार बंदरे घेत ते १९ मे २०१० रोजी परतले. त्यांची ‘म्हादेई’ ही नौका गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. लांबी ५६ फूट, म्हणजे सुमारे १७ मीटर. एसटीच्या बसच्या साधारण दीडपट, एवढेच.

जमिनीवरच्या माणसाला वाटते, की अशा सफरीत मुख्य झुंज लाटांशी. लाटा असतातच, पण दिवस खातात ती घरकामे आणि दुरुस्त्या. दोर एकाच जागी घासून झिजतो, शिवण उसवते, पंप तुंबतो, बिजागरी गंजते. फाटलेले शीड उतरवायचे, हेलकाव्यात मांडीवर घ्यायचे, जाड सुई तळहाताला बांधलेल्या चामड्याच्या पट्ट्याने रेटायची आणि मेण लावलेल्या दोऱ्याने टाका टाका पुढे सरकायचे; हे तासन्‌तास चालते. दोंदे यांनी नौका बांधली जात असतानाच तिच्याशी ओळख करून घेतली, ती शहाणपणाची गोष्ट होती. भरसमुद्रात मिस्त्री बोलावता येत नाही.

झोप ही दुसरी अडचण. एकट्या दर्यावर्द्याला सलग रात्र मिळत नाही. गजर लावून तुकड्या-तुकड्यांनी झोपायचे, उठून क्षितिज, शीड आणि होकायंत्र पाहायचे, पुन्हा आडवे व्हायचे. सुकाणू मात्र सतत हातात धरावे लागत नाही. नौकेच्या मागच्या टोकाला वाऱ्यावर हलणारे एक पाते असते. नौकेने दिशा बदलली की वाऱ्याच्या दाबाने ते कलते, पाण्यातल्या दुसऱ्या पात्याला वळवते आणि वाहत्या पाण्याच्या जोराने सुकाणू ओढले जाते. वीज लागत नाही. वाऱ्यानेच दिशा बदलली, तर हे यंत्र निमूटपणे नौकाही वळवते, म्हणून होकायंत्रावर नजर ठेवावीच लागते.

स्वयंपाकाची शेगडी दोन खुंट्यांवर झुलती बसवलेली असते, त्यामुळे नौका कलली तरी भांडे सपाट राहते. झाकण पक्के बसणारा प्रेशर कुकर इथे सर्वांत भरवशाचा. मऊ खिचडी वाडग्यातून, एका हाताने कठडा धरून खाता येते. ताटाची पद्धत बंदरापुरती. समुद्राच्या पाण्याने भिजलेला कपडा वाळला तरी कोरडा राहत नाही, कारण त्यातले मीठ हवेतला ओलावा ओढते. गोड्या पाण्याने कपडे धुणे ही चैन ठरते.

पाणी टाकीतून, खारे पाणी गोडे करणाऱ्या यंत्रातून आणि पावसातून मिळते. पावसाचे पाणी शिडावरून ओघळताना धरतात. पहिल्या सरीतले मीठ वाहून जाऊ द्यायचे, मग भांडे लावायचे. लेफ्टनंट कमांडर अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात ‘म्हादेई’वरून कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करत होते. त्याच महिन्यांत जालना जिल्ह्यात दुष्काळाने टँकरच्या रांगा लागल्या होत्या. हंडा मोजून वापरणाऱ्या जालनेकराला नौकेवरचे पाण्याचे गणित समजावून सांगावे लागणार नाही.

परिक्रमेचा मार्ग बहुधा दक्षिणेकडून जातो. शाळेच्या भूगोलातले ‘गरजणारे चाळीस’ आणि ‘खवळलेले पन्नास’ ते तिथलेच अक्षांश. तिथे पश्चिमी वाऱ्यांना अडवायला जमीन जवळजवळ नाही. पूर्वेकडे जाताना दर १५ रेखांशांना घड्याळ एक तास पुढे सरकते आणि वाररेषा ओलांडताना एकच तारीख दोनदा जगावी लागते. ‘तारिणी’ या नौकेवरील सहा महिला अधिकाऱ्यांनी वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या काळात २१,६०० सागरी मैल कापले. पॅसिफिक ओलांडण्याच्या ४१ दिवसांत त्यांनी ६० नॉटहून अधिक वेगाचे वारे सोसले. सहाजणी असल्या की पाळ्या लावून झोपता येते, पण एकांत मिळत नाही. एकट्याची अडचण नेमकी उलटी.

अपघात झाला तर मदत किती दूर असते, हे टॉमी यांच्यावर ओढवलेल्या प्रसंगाने दाखवले. पृथ्वीप्रदक्षिणेच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत २१ सप्टेंबर २०१८ रोजी हिंदी महासागरातील वादळात त्यांच्या ‘थुरिया’ या नौकेची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या मणक्याला इजा झाली. उठता येत नव्हते. ओसिरिस ही फ्रेंच नौका त्यांच्यापर्यंत पोहोचली ती २४ तारखेला. याच टॉमींनी २०२२-२३ च्या शर्यतीत दुसरा क्रमांक मिळवला.

‘तारिणी’ची दुसरी परिक्रमा दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच केली. गोव्याहून २ ऑक्टोबर २०२४ रोजी निघून, कोणत्याही किनाऱ्यापासून सर्वांत दूर असलेल्या पॉइंट निमोवरून जाऊन, २९ मे २०२५ रोजी त्या गोव्यात परतल्या. या नौकेवर एक झोपली की दुसरी जागी असे.