आगीवर डोळा

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत बॉयलर खात्यात फायरमन होते. गिरणीने कोळसा सोडून फर्नेस ऑइल घेतलं तेव्हा मी शाळेत होतो. डबा द्यायला जायचो आणि खात्याच्या दारात उभा राहायचो. भट्टीच्या तोंडाशी एक रुपयाएवढं भोक होतं, त्यावर निळी काच. वडील दर थोड्या वेळाने त्या काचेला डोळा लावत. ज्योत पांढरट दिसली की हवा जास्त, लाल आणि धुरकट दिसली की हवा कमी, पिवळसर नारिंगी असली की ते समाधानाने मागे सरत. पण त्यांचं खरं लक्ष आवाजाकडे असायचं. भट्टीचा घुमणारा आवाज क्षणभर तुटला तरी बोलता बोलता त्यांचा हात तेलाच्या कॉककडे गेलेला असायचा.

"ज्योत विझली आणि तेल चालू राहिलं, तर ते तापलेल्या विटांवर पडतं, त्याची वाफ होते आणि मग ती सगळी एकदम पेटते," असं त्यांनी मला समजावलं होतं. "मग भट्टी राहत नाही रे बाळा, आणि समोर उभा असलेलाही राहत नाही."

हे भय देशात जुनं आहे. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलरचा स्फोट होऊन माणसं मेली, आणि त्यानंतर १८६४ मध्ये बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा आला. साऱ्या देशासाठी एकच कायदा व्हायला १९२३ साल उजाडलं. बॉयलरजवळ शिकलेला, दाखला असलेला माणूस हवा, ही अट त्या वाटेनेच आली. वडिलांचा दाखला घरात गणपतीच्या फोटोशेजारी फ्रेम करून लावलेला होता. आगीकडे बघत राहणं हे कसबाचं काम आहे आणि सरकार त्याचा कागद देतं, एवढं मला त्या फ्रेममुळे लहानपणीच कळलं.

पुढे त्या खात्यात नवा बॉयलर आला. त्याच्या बर्नरशेजारी एक लहानशी नळी बसवलेली होती, आत फोटोसेल. ज्योत दिसेनाशी झाली की तो काही सेकंदांत तेलाचा व्हॉल्व्ह बंद करायचा. पुन्हा पेटवण्याआधी पंखा भट्टीतली उरलेली वाफ बाहेर ढकलायचा. बसवायला आलेल्या फिटरने वडिलांना सांगितलं, "मामा, आता तुम्हाला काचेतून बघायला नको." वडिलांनी तरीही बघणं सोडलं नाही. मात्र दर सोमवारी ते ती नळी काढून आतली काच मऊ फडक्याने पुसायचे. तसं त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. काजळी धरलेल्या काचेतून आपल्याला दिसत नाही, तर त्याला कुठून दिसणार, एवढाच त्यांचा हिशेब होता.

मी आयटीआयमधून इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक झालो आणि चेंबूर-माहुलच्या बाजूला एका रासायनिक कारखान्यात लागलो. ट्रॉम्बेचा हा किनारा तोवर पार बदलला होता. कोळ्यांच्या माहुल गावाच्या अंगाला १९५४ मध्ये स्टॅनव्हॅकची आणि १९५५ मध्ये बर्मा-शेलची रिफायनरी सुरू झाली होती. १९६५ पासून खत कारखाना होता. टाक्या, पंप, मैलोगणती पाइप आणि सगळं उघड्यावर. इथे मला वडिलांच्या कामाची उलटी बाजू भेटली. बॉयलरचा डोळा ज्योत विझली की घाबरतो. प्लॅन्टमधला डोळा ज्योत दिसली की घाबरतो. यंत्र जवळजवळ तेच, भय मात्र नेमकं उलट.

डोळा का लागतो, हे मुंबईइतक्या महागात थोड्याच शहरांनी शिकलं असेल. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन या जहाजाच्या दोन नंबरच्या खणातून धूर येऊ लागला. त्या जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकं होती. बंबवाल्यांनी खणात नऊशे टनांहून अधिक पाणी ओतलं. पण आग नेमकी कुठे आहे ते कोणालाच दिसलं नाही, कारण कापूस आतल्या आत धुमसत होता. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अग्निशमन दलाचे सहासष्ट जवान त्या दिवशी गेले. म्हणून १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन. मी जेव्हा जेव्हा ही हकीकत वाचतो तेव्हा पाण्यापाशी थांबतो. पाणी होतं, माणसं होती, हिंमत होती. आग कुठे आहे हे सांगणारं मात्र काही नव्हतं.

त्या काळी कारखान्यांत आगीची खबर देणारी साधनं उष्णतेवर चालत. गिरण्यांच्या छतांना स्प्रिंकलर असत, त्यांची कल्पना १८७० आणि १८८० च्या दशकांत अमेरिकेत रुजली होती. ठरावीक तापमानाला वितळणारा धातूचा तुकडा गळून पडला की पाणी सुटायचं. छताखाली कोंडलेल्या कापसाच्या तुसाला हे पुरेसं होतं. पण उघड्या पंपहाऊसवर वारा उष्णता उडवून नेतो, धूरही नेतो. छतच नाही तर उष्णता जमणार कुठे? तिथे आगीचा प्रकाशच पकडायला हवा होता.

१९२८ साली जर्मनीत गायगर आणि म्यूलर यांनी किरणोत्सर्ग मोजणारी वायूची नळी तयार केली. त्याच तत्त्वावर पुढे अतिनील किरण ओळखणारी नळी बनली आणि १९६० च्या दशकात ती आगीवर पहारा करू लागली. ज्योतीतून निघालेला अतिनील किरण नळीतल्या धातूच्या पट्टीवर आपटतो, एक इलेक्ट्रॉन सुटतो, वायूत त्यामागे लोंढा उठतो आणि एक टिचकी मोजली जाते. सेकंदाला पुरेशा टिचक्या झाल्या की हूटर. मग उन्हात हा हूटर सतत का वाजत नाही? सूर्याचे सगळ्यात आखूड अतिनील किरण वातावरणातला ओझोन वरच अडवतो. नळी नेमकी त्याच पट्ट्यात, साधारण १८५ ते २६० नॅनोमीटरमध्ये, बघते. त्यामुळे भर उन्हात तिच्यासाठी रात्र असते, आणि त्या रात्रीत एखादी ठिणगी स्पष्ट दिसते. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी घरी जाऊन वडिलांना सांगितलं. त्यांनी दोनदा समजावून घेतलं.

पण ती नळी वेल्डिंगच्या आर्कलाही आग समजायची आणि पावसाळ्यात वीज चमकली तरी दचकायची. रात्री पाइपच्या जोडांची रेडिओग्राफी चालली की ती वेड्यासारखी ओरडायची. उलट काचेवर तेलाचा पातळ थर बसला की ती आंधळी व्हायची, कारण अतिनील किरण तेलातून, धुरातून, बेंझिनसारख्या वाफांतूनही पार होत नाहीत. साध्या काचेतूनही होत नाहीत, म्हणून तिची खिडकी क्वार्ट्झची असते. आमच्याकडे एकदा एका ठेकेदाराच्या माणसाने फुटलेल्या खिडकीच्या जागी मापाची साधी काच बसवली. सुबक काम होतं, सील पक्कं होतं, पॅनेलवर हिरवा दिवा होता. पण आत नळी असलेला तो डिटेक्टर आठ महिने काहीच बघत नव्हता. ज्योतीसारखे किरण सोडणारा टेस्ट लॅम्प लावला तेव्हा कळलं.

म्हणून दुसरा डोळा आला, अवरक्त किरणांचा. तेल, गॅस, लाकूड, कार्बन असलेलं काहीही जळलं की गरम कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो ४.३ ते ४.४ मायक्रॉनच्या आसपास तेजाने चमकतो. त्यातच ज्योत फडफडते, सेकंदाला एक ते दहा वेळा. हे दोन्ही एकत्र दिसलं तर आग. पण तापलेल्या पाइपसमोर पंख्याचं पातं फिरलं, किंवा साचलेल्या पाण्याच्या लाटांवर ऊन खेळलं, तरी तशीच फडफड दिसते. मग अतिनील आणि अवरक्त दोघांनी होकार दिला तरच हूटर वाजवणारे जोडडोळे आले. १९९० च्या दशकात तीन वेगवेगळ्या अवरक्त पट्ट्यांची तुलना करणारे डिटेक्टर आले. फूटभर लांबीरुंदीच्या ट्रेमध्ये पेटवलेलं हेप्टेन हे या धंद्यातलं माप आहे. जोडडोळ्याला ती आग साधारण पंधरा मीटरवरून दिसायची, तीन पट्ट्यांच्या डिटेक्टरला साठ मीटरवरून दिसू लागली.

हायड्रोजनची गोष्ट वेगळी. त्याच्या ज्योतीत कार्बन नाही, त्यामुळे ४.४ मायक्रॉनवाला डोळा तिथे कुचकामी. आणि माणसाच्या डोळ्यालाही दिवसा ती ज्योत जवळजवळ दिसत नाही. अमेरिकेच्या अंतराळ केंद्रांवर पूर्वी कामगार गवती झाडू पुढे धरून चालत. झाडू पेटला की पुढे आग आहे. बॉयलर खात्यात वडीलही जास्त दाबाच्या वाफेची न दिसणारी गळती झाडूनेच शोधायचे, हे मी पाहिलं आहे. हजारो मैलांवरच्या दोन खात्यांत माणसाला तीच वस्तू सुचली.

बसवण्याचं काम मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. डिटेक्टरची नजर शंकूसारखी असते, साधारण नव्वद ते एकशेवीस अंशांची, आणि कडेला ती अधू होते. अंतर दुप्पट झालं तर पोचणारा प्रकाश पाव होतो, म्हणजे तेवढंच दिसायला आग चौपट मोठी व्हावी लागते. म्हणून आम्ही नकाशावर समाधान मानायचो नाही. शिडीवर चढून डिटेक्टरच्या जागी स्वतःचा डोळा ठेवायचो. पंप दिसतो का? मध्ये केबल ट्रे येतो का? पुढच्या महिन्यात इथे परांची उभी राहणार आहे का? एका डिटेक्टरला न दिसणारी जागा समोरच्या कोपऱ्यातल्या दुसऱ्याने झाकायची. तोंड नेहमी खाली झुकलेलं ठेवायचं, म्हणजे पाणी आणि धूळ साचत नाही आणि दूरची फ्लेअर नजरेत येत नाही. ब्रॅकेट थरथरणाऱ्या पाइपला नाही, पक्क्या खांबाला. केबल आत घेणारी ग्लँड खालच्या बाजूने. फ्लेमप्रूफ झाकणाचा एक बोल्टही ढिला किंवा गायब असला तर ते फ्लेमप्रूफ राहत नाही, आणि वीज चालू असताना ते झाकण प्लॅन्टमध्ये उघडायचं नाही.

आमच्या खाऱ्या हवेत, पावसात, काही गोष्टी पुस्तकात नव्हत्या. गोकुळाष्टमीच्या सुमारास कुंभारमाशी डिटेक्टरच्या टोपीखाली चिखलाचं घर बांधायची, बरोबर खिडकीवर. रंगारी पाइप रंगवताना काचही चंदेरी करून जायचे. जंक्शन बॉक्समध्ये पाणी शिरून टर्मिनल हिरवी पडायची. म्हणून पावसाआधी एक फेरी आणि दसऱ्याआधी एक फेरी, हा आमचा नेम होता.

तपासणीत एक धोका सगळ्यांत मोठा. डिटेक्टर एकटा नसतो. त्याच्यामागे पाण्याचा डिल्यूज व्हॉल्व्ह असतो, टर्बाइनच्या बंद खोलीत कार्बन डायऑक्साइडच्या बाटल्या असतात. टेस्ट लॅम्प दाखवायच्या आधी त्या बाटल्यांचा व्हॉल्व्ह कुलूपबंद करून चिठ्ठी लावली नाही, तर गॅस सुटून आत काम करणारा माणूस काही श्वासांत बेशुद्ध पडतो. आणि तपासणी संपल्यावर ते कुलूप काढलं नाही, तर खऱ्या आगीच्या वेळी बाटल्या गप्प राहतात. दोन्ही चुका सारख्याच जीवघेण्या. म्हणून मी कुलपाची किल्ली खिशात ठेवायचो आणि ती परत टांगल्याशिवाय परमिटवर सही करायचो नाही.

६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा प्लॅटफॉर्मवर १६७ माणसं मेली. पाणबुडे पाण्यात असले की तिथे आगीचे पंप आपोआप चालू होऊ नयेत म्हणून हाताच्या नियंत्रणावर ठेवत. त्या रात्री ते तसेच होते. पंपांपर्यंत कोणीच पोचू शकलं नाही. लॉर्ड कलन यांच्या चौकशीचा अहवाल १९९० मध्ये आला तेव्हा आमच्या साहेबांनी त्यातला तेवढा भाग वर्कशॉपमध्ये आम्हाला समजावून सांगितला. मी खाली मान घालून ऐकत होतो, कारण आमच्याकडेही तेच घडून गेलेलं होतं.

वेल्डिंगमुळे एका पंपहाऊसचा हूटर सारखा वाजायचा. कोणीतरी पॅनेलच्या मागे वायरचा एक तुकडा टाकून तिथल्या डिटेक्टरचा लूप बायपास केला. वेल्डिंग दोन दिवसांत संपलं. वहीत नोंद नव्हती, तुकडा तीन आठवडे तसाच राहिला. एका रात्री पंपाचं सील गेलं आणि तेल पेटलं. डिटेक्टरने आग पाहिली होती, पण त्याचा आवाज आम्हीच बांधून ठेवला होता. एका हेल्परला झळाळी दिसली, तो धावला. पंप बंद झाला, आग विझली, पण त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. तो पुढे पॅकिंग खात्यात बसून काम करायचा. मी त्याला शेवटपर्यंत भेटत राहिलो.

आता डिटेक्टर स्वतःच स्वतःची काच तपासतात. आतला लहान दिवा लागतो, परावर्तन कमी आलं तर पॅनेलवर दोष दिसतो. चांगली सोय आहे. पण वायरचा तुकडा कोणी टाकला, हे त्याला कळत नाही.

दरवर्षी १४ एप्रिलपासून कारखान्यांत अग्निसुरक्षा सप्ताह होतो. फलक लागतात, शपथ घेतली जाते, बिल्ले वाटले जातात. हे वाचणारे कोणी त्या कारखान्यांत काम करत असतील, तर त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. या वेळी शिडी, मऊ फडकं आणि टेस्ट लॅम्प घेऊन एकेका डिटेक्टरपाशी जा. आणि त्याआधी पॅनेलचं मागचं दार उघडून आत बघा.