गणिती बिशपचे त्रांगडे

जॉन विल्यम कोलेन्सो हे नाव इंग्लंडमध्ये आधी शाळकरी पोरांना ठाऊक झाले. १८१४ साली कॉर्नवॉलमध्ये जन्मलेला, १८३६ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत दुसरा आलेला हा विद्वान हॅरोच्या शाळेत शिकवत असताना घराला आग लागून कर्जबाजारी झाला. अंकगणित-बीजगणिताची पाठ्यपुस्तके लिहून, त्यांचे हक्क विकून त्याने ते कर्ज फेडले. १८५३ साली अँग्लिकन चर्चने त्याला दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताचा पहिला बिशप नेमले.

तिथे तो झुलू भाषा शिकला, तिचे व्याकरण आणि कोश रचले. बायबलच्या भाषांतरात त्याला विल्यम न्गिदी हा झुलू मदतनीस होता. जलप्रलयाची कथा आली तेव्हा न्गिदीने विचारले, हे सगळे खरेच घडले का? सगळे प्राणी जोडीजोडीने त्या तारवात शिरले, हे तुम्ही मानता का? धर्मोपदेशकाकडे अशा वेळी ठेवणीतली उत्तरे असतात. कोलेन्सोला ती देववली नाहीत.

उलट त्याने हिशेब मांडला. जुन्या करारात इस्राएली योद्ध्यांची संख्या ६,०३,५५० दिली आहे. सारी मंडळी मंडपाच्या दाराशी जमली, असेही तिथे म्हटले आहे. मंडपाच्या रुंदीत एका रांगेत नऊ माणसे दाटीने उभी केली आणि दोन रांगांत दीड फूट अंतर ठेवले, तरी नुसत्या योद्ध्यांची रांग जवळजवळ वीस मैल लांबते! १८६२ पासून या चिकित्सेचे खंड निघू लागले आणि इंग्लंड हादरले. केपटाउनचे बिशप ग्रे यांनी १८६३ साली खटला चालवून त्याला पदच्युत केले. ग्रे यांना तो अधिकारच नव्हता, असा निर्वाळा प्रिव्ही कौन्सिलने १८६५ साली दिला. याच वादातून सॅम्युअल स्टोनचे चर्चच्या एकमेव पायाविषयीचे स्तोत्र जन्मले. ते आजही गायले जाते, कोलेन्सो मात्र विसरला गेला.

या पाखंडाच्या वादात नाताळमधले बरेच गोरे त्याच्या पाठीशी होते. माझ्या मते त्याची खरी कसोटी पुढेच लागली. १८७३ साली बंदुकांच्या नोंदणीवरून ह्लुबी जमातीचा प्रमुख लांगालिबालेले आणि सरकार यांच्यात तंटा पेटला. त्याच्यावर खटल्याचा फार्स झाला आणि त्याला रॉबेन बेटावर धाडण्यात आले. कोलेन्सोने पुन्हा कागद तपासायला घेतले, या वेळी साक्षीपुराव्यांचे. त्यात त्याचा जिवलग मित्र थिओफिलस शेपस्टन दुरावला. धर्मवादात साथ देणारे वसाहतवालेही उलटले. १८७४ साली तो लंडनला जाऊन वसाहतमंत्र्यांना भेटला. गव्हर्नर पाइनला परत बोलावले गेले, शिक्षा सौम्य झाली. १८७९ साली इसांडल्वानाच्या रणात इंग्रजी फौज कापली गेली आणि नाताळभर सुडाची भाषा सुरू झाली. तेव्हा त्याने प्रवचनपीठावरून विचारले ते आपण झुलूंशी न्यायाने वागलो का, एवढेच.

झुलू त्याला ‘सोबांतू’ म्हणत, म्हणजे लोकांचा बाप. २० जून १८८३ रोजी तो वारला. काही वर्षांनी झुलू राजपुत्र दिनुझुलूवर खटला भरला गेला, तेव्हा त्याच्या बचावासाठी धडपडली ती कोलेन्सोची मुलगी हॅरिएट.