आभाळ भरलंय, पण पाऊस का नाही? निरवांगीच्या डोक्यावरचे सिरस ढग

जूनचा शेवट. पुणे जिल्ह्याच्या पार पूर्वेला, नीरा नदीच्या काठावरच्या निरवांगीत वापसा नाही, वारा मात्र सुटलेला. वर बघावं तर आभाळ अगदी कोरडं नसतं. पिंजलेल्या कापसासारखे, कधी घोड्याच्या शेपटीसारखे पांढरे धागे पसरलेले असतात. बाजरी पेरावी की थांबावं, हा प्रश्न डोक्यात असलेल्या माणसाला साहजिकच वाटतं, ढग तर आलेत.

आलेत, पण ते सिरस आहेत. शाळेच्या भूगोलात हे नाव तुम्ही वाचलेलं असतं. मराठीत त्यांना तंतुमेघ असंही म्हणतात. इंग्लंडच्या ल्यूक हॉवर्ड यांनी १८०२ मध्ये ढगांची वर्गवारी मांडली आणि लॅटिनमधल्या 'केसांची बट' या अर्थाच्या शब्दावरून हे नाव दिलं. हॉवर्ड पेशाने औषधं बनवणारे, ढग हा त्यांचा छंद!

हे ढग पाण्याचे नाहीतच

सिरस ढग आपल्याकडे साधारण ८ ते १६ किलोमीटर उंचीवर असतात. तिथलं तापमान शून्याच्या बरंच खाली, वरच्या थरांत तर उणे ४० अंशांहूनही खाली. ढगातला पाण्याचा बारीक थेंब शून्याखाली गेला की लगेच गोठतो असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तो उणे ३८ अंशांपर्यंत द्रवरूपात राहू शकतो. त्याआधी गोठायचं तर त्याला कशाचा तरी आधार लागतो, बहुतेकदा धुळीच्या कणाचा. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात विमानातून सिरसमधले बर्फकण गोळा करून त्यांच्या पोटात काय आहे ते तपासलं होतं. सगळ्यात जास्त सापडली ती खनिज धूळ आणि धातूंचे कण. वाळवंटातली माती दहा किलोमीटर वर जाऊन ढग तयार करते, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण तसंच आहे.

हे बर्फकण खाली पडतात सुद्धा. घोड्याची शेपटी दिसते ती त्या पडणाऱ्या कणांचीच. फक्त खालची हवा कोरडी असते, त्यामुळे ते वाटेतच वाफ होऊन संपतात. सिरसमधून निरवांगीच्या शेतात थेंब येत नाही तो यामुळे.

मग हे येतात कुठून?

पावसाळ्यात बरेचसे सिरस हे दुसऱ्या कुठल्या तरी गडगडाटी ढगाचं उरलेलं डोकं असतं. वळवाचा उंच ढग तुम्ही लांबून पाहिला असेल, तर त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरलेला आठवेल. तो भाग बर्फाचा असतो. खालचा ढग पाऊस पाडून संपतो, वरचं बर्फ वाऱ्याबरोबर निघून जातं. पावसाळ्यात त्या उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे अतिशय वेगवान वारा वाहतो. त्याला पूर्वेकडील झोतवारा म्हणतात, आणि भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात त्याचा अभ्यास केला. खाली जमिनीवर मात्र वारा पश्चिमेचा. त्यामुळे इंदापुरात उभं राहून तुम्ही बघता तो पांढरा पडदा शेकडो किलोमीटर पूर्वेला झालेल्या पावसाचा असू शकतो.

इथे खळ्याची गोष्ट येते. चंद्राला किंवा सूर्याला खळं पडलं की पाऊस येणार, असं जुनी माणसं सांगतात. खळं पडतं ते सिरसच्या पातळ थरातल्या षटकोनी बर्फकणांतून प्रकाश वळल्यामुळे. त्याची त्रिज्या २२ अंश असते, म्हणजे हात लांब करून वीत धरली तर जवळपास तेवढीच. (हे चंद्रावर करून बघा, सूर्याकडे नाही.) युरोपात पावसाळी हवेच्या आधी असा थर येतो, म्हणून तिथे हे लक्षण बऱ्यापैकी लागू पडतं. आपल्या मान्सूनची चाल वेगळी आहे. खळं बघून पेरणी करू नये, एवढं मात्र नक्की म्हणता येईल.

कृत्रिम पाऊस पाडता येईल का?

इंदापूर, बारामती हा पर्जन्यछायेचा पट्टा. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि इथे वर्षाला जेमतेम पाचशेच्या आसपास. म्हणून 'एवढे ढग आहेत, विमान का पाठवत नाही' हा प्रश्न दर दुष्काळात सोशल मीडियावर फिरतो. राज्यात २००३ आणि २०१५ मध्ये असे प्रयोग झालेही.

पण विमानाला लागतात ते फुलकोबीसारखे खालून वर वाढणारे, पाण्याने भरलेले ढग. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात शेजारच्या सोलापुरात हा प्रयोग केला. २७६ ढग निवडले, त्यातल्या काहींवर क्षारांचे कण फवारले, बाकीचे तुलनेसाठी तसेच सोडले. सरासरी १८ टक्के जादा पाऊस मोजला गेला. योग्य ढग असेल तरच हे जमतं. सिरस त्या यादीत बसतच नाही.

गोधडी की छत्री?

शास्त्रज्ञांना सिरसची काळजी आहे ती पावसामुळे नाही, उष्णतेमुळे. पातळ सिरस ऊन बरंचसं खाली येऊ देतो, पण जमिनीतून वर जाणारी उष्णता अडवतो. म्हणजे तो गोधडीसारखा. जाड ढग मात्र ऊनच परत पाठवतो, तो छत्री. उष्ण कटिबंधात बऱ्याच ठिकाणी उंच ढगांचे हे दोन परिणाम एकमेकांना जवळजवळ फेडून टाकतात. पण एम. राजीवन आणि जे. श्रीनिवासन यांनी २००० साली दाखवलं की आशियाई मान्सूनच्या प्रदेशात हिशेब तसा बसत नाही. इथले उंच ढग इतके दाट असतात की छत्री जिंकते.

विमानाच्या मागे उमटणारी पांढरी रेघ हा माणसाने बनवलेला सिरस. इंजिनातली वाफ थंड हवेत गोठते, बस्स. त्यात विष असल्याचे मेसेज येतात, ते पुढे पाठवू नका. मात्र ती अगदीच निरुपद्रवी आहे असंही नाही. २०२१ मध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार, या रेघांपासून पसरणाऱ्या ढगांमुळे होणारी तापमानवाढ विमानांच्या कार्बन डायऑक्साइडमुळे होणाऱ्या वाढीपेक्षाही जास्त असू शकते. अंदाजातली अनिश्चितता अजून मोठी आहे.

ती कमी करायला ढगाच्या आत बघावं लागतं. २००६ ते २०२३ कॅलिप्सो उपग्रहाने लेसर सोडून डोळ्यांना न दिसणारे सिरसही टिपले. मे २०२४ पासून युरोप आणि जपानचा अर्थकेअर हे काम करतोय. आणि सातारा जिल्ह्यात मांढरदेवच्या डोंगरावर आयआयटीएमच्या रडारने घाटावरच्या ढगांचे थर मोजले, अगदी माथ्यावरच्या बर्फापर्यंत.