अफूवाचून वेदनाशमन

१८४६ च्या ऑक्टोबर महिन्यात बोस्टन येथे ईथरची भूल देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली आणि सुरीखालचा आक्रोश थांबला. परंतु भूल उतरल्यावर जी कळ उठते, तिच्यावरील उपाय जुनाच राहिला: अफू आणि अफूपासून काढलेले मॉर्फीन. मॉर्फीन वेदना हरते खरे. पण ते श्वास मंद करते, आतड्यांची हालचाल रोखते आणि व्यसनाचे बीजही पेरू शकते. अफूच्या कुळाबाहेरील औषधाचा शोध म्हणूनच वैद्यकाने कधी सोडला नाही.

त्या शोधात एक औषध आडवाटेने आले. मेंदूतील क्षोभ शमविणारे 'गाबा' नावाचे द्रव्य शरीरातच असते. बाहेरून दिल्यास मात्र ते मेंदूत फारसे शिरत नाही. १९७० नंतरच्या दशकात जर्मनीतील रसायनज्ञांनी त्याच्या रेणूला कार्बनचे कडे जोडून गाबापेंटिन घडविले. १९९३ साली अमेरिकेत अपस्मारावरील औषध म्हणून त्यास मान्यता मिळाली. पुढे १९९६ साली त्याचे खरे ठिकाण सापडले आणि नाव फसवे ठरले. हे औषध गाबाचे काम करीतच नाही. कॅल्शियमला मज्जातंतूत प्रवेश देणाऱ्या द्वारांच्या एका घटकास ते चिकटते आणि वेदनेचा निरोप मंदावतो.

नागीण ओसरल्यावर मागे उरणाऱ्या वेदनेसाठी २००२ साली अमेरिकेने त्यास मान्यता दिली. त्याचेच भावंड प्रिगॅबालिन २००४ साली आले. मज्जातंतूंच्या दुखण्यात जे गुणकारी, ते तंतू छेदणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर का नसावे? २००२ सालीच डेन्मार्कमधील एका प्रयोगात स्तनावरील शस्त्रक्रियेपूर्वी गाबापेंटिनची एकच मात्रा दिली गेली आणि नंतरच्या काही तासांत मॉर्फीनची गरज सुमारे निम्म्यावर आली. ही प्रथा मग देशोदेशी पसरली.

विज्ञानाची कसोटी मात्र उत्साहापेक्षा कठोर असते. २००९ साली अमेरिकेतील एका भूलतज्ज्ञाचे अनेक निबंध बनावट ठरले. त्यांत प्रिगॅबालिनविषयीचे लेखनही होते. २०१९ साली अमेरिकेच्या औषधनियामकांनी इशारा दिला की, वृद्धांत, श्वसनाचे विकार असणाऱ्यांत किंवा अफूवर्गीय औषधांच्या जोडीने ही औषधे श्वास धोकादायक रीतीने मंद करू शकतात. २०२० साली २८१ प्रयोगांचा एकत्र ताळा घेतला गेला, तेव्हा वेदनेत पडणारा फरक रुग्णाच्या दृष्टीने नगण्य ठरला. भोवळ आणि दृष्टीचा त्रास मात्र वाढलेला दिसला.

तरीही वाट थांबली नाही. वेदना वाहणाऱ्या तंतूंतील सोडियमचे एक विशिष्ट द्वार बंद करणाऱ्या सुझेट्रिजिनला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेत ते निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले; अफूवर्गीय औषधाच्या संयुक्त गोळीपेक्षा मात्र नव्हे. अफूचे राज्य अद्याप संपलेले नाही. एका मात्रेवर केवढी आशा ठेवावी हे ठरविण्यास वैद्यकाला अठरा वर्षे लागली. नव्या औषधालाही तोच हिशेब द्यावा लागेल, आणि तो तपासायचा आहे रुग्णाच्या खाटेशी.