लहान मुलांच्या हातात फोन देताय? आधी या सेटिंग्ज करा आणि या 3 गोष्टी शिकवा

"मामा, फक्त पाच मिनिटं फोन दे ना!" माझा 8 वर्षांचा भाचा रोज असं म्हणायचा आणि मीही गेम लावून द्यायचो. एकदा गेमच्या चॅटमध्ये कुणीतरी त्याला शाळेचं नाव विचारलं. त्याने सरळ टाइप करून टाकलं. मला हे कळलं दोन दिवसांनी, कारण "तू ओरडशील" म्हणून तो गप्प बसला होता. आधी एकदा चुकून जाहिरात दाबली म्हणून मी ओरडलो होतो ना!

आधी फोन तयार करा

- ॲप पिनिंग: अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ही सुविधा सुरू करून ॲप पिन केलं की मूल एकाच ॲपमध्ये राहतं, बाहेर पडायला पिन लागेल असंही सेट करता येतं. आयफोनमध्ये यासाठी 'गाइडेड ॲक्सेस' आहे.
- प्ले स्टोअर: प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारला जाईल असं सेट करा.
- फॅमिली लिंक: मुलाचा स्वतःचा फोन किंवा टॅब असेल तर गुगलच्या या ॲपमधून पालकांना रोजची वेळ ठरवता येते. नवीन ॲपलाही त्यांची परवानगी लागेल असं करता येतं.

वेळ किती द्यायचा? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांनुसार 2 ते 4 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त 1 तास, त्याहून कमी असेल तर उत्तमच. 2 वर्षांखालील मुलांना स्क्रीन नकोच.

मग मुलाला तयार करा

लॉक फक्त आपल्या फोनला असतं. उद्या मित्राच्या फोनवर निर्णय मुलालाच घ्यायचाय. म्हणून मी भाच्याला तीन गोष्टी शिकवल्या:

1. नाव, शाळा, पत्ता, फोटो आणि ओटीपी कुणालाच द्यायचा नाही.
2. 'फ्री', 'जिंकलात' असं काही दिसलं की बोट उचलायचं, आधी मोठ्यांना विचारायचं.
3. काही विचित्र वाटलं तर फोन तसाच आणून दाखवायचा.

तिसरा नियम पाळायचा तर आपणही एक पथ्य पाळायला हवं: दाखवल्यावर ओरडायचं नाही आणि फोनही हिसकावून घ्यायचा नाही. नाहीतर पुढच्या वेळी ते लपवणारच. कुणी त्रास देत असेल तर स्क्रीनशॉट ठेवा, ब्लॉक करा आणि घरातल्या मोठ्यांना सांगा. मदतीसाठी चाइल्ड हेल्पलाइन 1098 आहे.

परवा भाचा स्वतःच फोन घेऊन आला, "मामा, हे दाबू का?" जाहिरातच होती. पण त्याने विचारलं, हे महत्त्वाचं!