घाटावर, घाटाखाली आणि सरासरी

बुलढाणा जिल्ह्यात अनोळखी माणसाचे गाव विचारण्यापूर्वी तो घाटावरचा की घाटाखालचा, हे बरेचदा आधी ठरते. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे हे दोन भाग केले आहेत. खाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव. वर चिखली, मेहकर, सिंदखेड राजा, लोणार. एकोणिसाव्या शतकात मुंबई-नागपूर लोहमार्ग खालून गेला आणि १८७० मध्ये कापसासाठी जलंबहून खामगावपर्यंत फाटाही निघाला. घाटावर आजतागायत रेल्वे नाही. जिल्ह्याचे मुख्य ठिकाणही त्यात आले. खामगाव-जालना मार्गाची मागणी इंग्रजी अमदानीपासूनची आहे.

विषमता कशी मोजावी, या प्रश्नाकडे या जिल्ह्यातून पाहिले की महाराष्ट्रातला एक गाजलेला हिशेब वेगळा दिसू लागतो. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला समन्यायी वाट्याचे आश्वासन दिले होते. ते किती पाळले गेले, हे तपासण्यासाठी राज्य सरकारने १९८३ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९८४ चा. मराठी राजकारणात 'अनुशेष' हा शब्द रुजला तो या अहवालामुळे.

समितीची रीत वरकरणी साधी होती. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा तिच्या खाली असेल त्याची तूट रुपयांत मांडायची. सरासरीच्या वर असलेल्या जिल्ह्याची शिल्लक मात्र शेजाऱ्याच्या तुटीतून वजा करायची नाही. एकूण अनुशेष निघाला सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा. त्यात विदर्भाचा वाटा ३९.१२ टक्के, मराठवाड्याचा २३.५६ आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७.३२ टक्के. हा शेवटचा आकडा पाहून विदर्भातले अनेकजण चकित झाले असतील. पण वजाबाकी नाही म्हटल्यावर समृद्ध प्रदेशातल्या मागे पडलेल्या जिल्ह्यांची तूटही जमेस येणारच, आणि त्यात अन्याय काहीच नव्हता.

मला विचार करायला लावते ती दुसरीच गोष्ट. याच दांडेकरांनी नीलकंठ रथ यांच्यासह १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्याचे माप होते माणसाचे पोट: दररोज २,२५० उष्मांक. तेरा वर्षांनी त्याच अर्थशास्त्रज्ञाच्या हाती जे माप आले त्यात माणूस नव्हता. रस्त्याची लांबी होती, भिजलेली जमीन होती. समितीचा दोष म्हणावा असे हे नाही. तिला काम मिळाले होते ते सरकारी खर्चाच्या वाटपाचे, आणि खर्च रस्त्यावर करता येतो, भुकेवर थेट करता येत नाही. परंतु पुढे 'अनुशेष' हाच 'मागासलेपणा'चा समानार्थी शब्द होऊन बसला. साहित्याच्या अभ्यासकांनी तरी ही अर्थच्युती नोंदवायला हवी.

१९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. निर्देशांक व अनुशेष समितीने त्या वर्षाचा अनुशेष १४,००६.७७ कोटी रुपये ठरवला. त्यात वाढलेल्या किमती किती, बदललेले निकष किती आणि न झालेली कामे किती, हे त्या एका आकड्यातून कळत नाही. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

तोवर सिंचनाचा अनुशेष मुख्यतः अमरावती, अकोला, वाशिम आणि बुलढाणा या चार जिल्ह्यांपुरता उरल्याचे सांगितले जाऊ लागले होते. बुलढाण्याच्या वाट्याचा मोठा भाग नांदुरा तालुक्यात पूर्णेवर उभ्या राहणाऱ्या जिगाव प्रकल्पाने भरून निघायचा आहे. प्रकल्प घाटाखालचा. संग्रामपूर, जळगाव जामोदसारख्या खारपाणपट्ट्यातल्या तालुक्यांना, जिथे विहिरीला पाणी लागूनही ते पिण्याजोगे असेलच असे नाही, गोड्या पाण्याचे मोल सांगायला नको. मात्र धरण भरले की वर जाईल ती साऱ्या जिल्ह्याची सरासरी, आणि त्या सरासरीत लोणार-सिंदखेड राजाची कोरडवाहू शेतेही धरलेली असतील.