किन्नर ते चालक : श्रीपूरच्या साखरेला लांबचा रस्ता कसा मिळाला

आजचा धागा मालमोटारीच्या नव्या चालकाविषयी. राजे, तह आणि लढाया आज बाजूला ठेवू. माळशिरस तालुक्यातील श्रीपूर हे आपले आरंभस्थान.

भाटघरचे धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले, नीरा उजव्या कालव्याचे पाणी या कोरड्या पट्ट्यात खेळू लागले आणि १९३२ च्या कायद्याने देशी साखरेला आयातीपासून संरक्षण मिळाले. पाणी आणि संरक्षण एकत्र आल्यावर कारखाने उभे राहणारच. माळीनगर, वालचंदनगर आणि चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये स्थापलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचे श्रीपूर ही सारी त्याच लाटेची अपत्ये.

ऊस तोडल्यावर त्यातील साखर झपाट्याने घटते, म्हणून तो फार लांब जात नाही. बैलगाडीला तेवढे अंतर झेपते. साखरेचे पोते मात्र शेकडो कोस जायला हवे. श्रीपूरला रेल्वे नव्हती. पंढरपूरला होती, पण ती बार्शी लाइट रेल्वेची, अडीच फूट रुंदीची. त्या गाडीतून आलेला माल मुंबईकडे पाठवायचा तर कुर्डुवाडीला उतरवून मोठ्या गाडीत पुन्हा भरावा लागे. अशा ठिकाणी ट्रक हाच स्वाभाविक उपाय वाटतो. तरी तो सहज मिळाला नाही.

याचे कारण कायद्यात सापडते. मोटारी आपला माल पळवतील, ही धास्ती रेल्वेला १९३० च्या दशकातच बसली होती. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने मालवाहतुकीला परवान्याची चौकट घातली. १९४५ च्या तत्त्वसंहितेने, जिथे रेल्वेची पुरेशी सोय आहे तिथे, ट्रकचा पल्ला साधारण ७५ मैलांत बांधण्याचे धोरण आखले. श्रीपूरहून पुणेसुद्धा त्याहून दूर! दुसऱ्या राज्यात शिरायचे तर तिथल्या अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी वेगळी. मिनू मसानी यांच्या समितीने १९५९ मध्ये ही बंधने सैल करण्याची शिफारस केली. राष्ट्रीय परवाना यायला १९७५ उजाडले. ‘लांब पल्ल्याचा चालक’ हा आज आपल्याला सनातन वाटणारा माणूस त्यामुळे बराच अलीकडचा आहे. माझ्या मते तो यंत्राइतकाच परवान्याने घडवला.

यंत्रे तोवर आली होती. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. १९५४ मध्ये टाटांनी डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. पण चालवणारा कुठून आणायचा? १ जून १९४८ रोजी पुणे–नगर मार्गावर एसटी धावली आणि प्रवासी वाहतूक हळूहळू सरकारकडे गेली. तिथल्या चालकाला पगार, गणवेश, निवृत्ती मिळाली. मालवाहतूक खासगीच राहिली आणि तिची शाळा ट्रकमध्येच भरली.

त्या शाळेतल्या विद्यार्थ्याला आपल्याकडे किन्नर म्हणतात, क्लीनरचा हा मराठमोळा अवतार. ताडपत्री ओढून दोर आवळणे, टायरवर टामी आपटून आवाजावरून हवा ओळखणे, मागे घेताना फळीवर थाप मारून चालकाला अंदाज देणे, घाटात थांबल्यावर चाकाखाली दगड सारणे, हा त्याचा अभ्यासक्रम. जेवण, थोडाफार भत्ता आणि वस्तादाच्या शिव्या हे विद्यावेतन. रिकामी गाडी परतताना, मोकळ्या रस्त्यावर, वस्ताद कधीतरी चाक हाती देतो. कायद्याच्या पोथ्यांत या दीक्षेचा कुठेही उल्लेख नाही. म्हणून इतिहासकारांना परवाने सापडतात, माणसे निसटतात.

कायदा वय मोजतो: परिवहन वाहनाला किमान २० वर्षे, १९३९ मध्येही आणि १९८८ च्या कायद्यातही. १९८८ च्या कायद्याने आणखी एक अट घातली. आधी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष हवा, मगच परिवहन वाहनाचा शिकाऊ परवाना. म्हणजे पाच वर्षे ट्रकमध्ये झोपलेल्या किन्नरालाही आधी छोट्या मोटारीची परीक्षा द्यावी लागते. आठवी उत्तीर्णतेची अट मात्र २०१९ मध्ये काढली गेली.

आता या धाग्यातील सर्वांत गंभीर मुद्दा, कामाचे तास. १९३९ च्या कायद्यातच सलग ५ तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि दिवसाला ९ तासांची मर्यादा होती. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तास व आठवड्याला ४८ तास ठरवले. लांब पल्ल्यासाठी परवानगीने १० आणि ५४. वाचायला सुंदर! पण २०२५ पर्यंत हा कायदा लागू होता तो ५ किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमाला. एक-दोन गाड्यांचा मालक, एक चालक, एक किन्नर हा आपल्या हमरस्त्यांवरचा नेहमीचा संसार त्याच्या बाहेर राहिला. १९८८ च्या कायद्याने तासांसाठी याच १९६१ च्या कायद्याकडे बोट दाखवले आणि फट तशीच राहिली. सोलापूरहून हैदराबादकडे रात्रभर गाडी हाकणाऱ्या नवख्याची झोप या फटीतून सांडत आली आहे. तिचा हिशेब अपघातानंतरच मागितला जातो, आणि तोही त्याच्याकडूनच.

मधल्या काळात किन्नरही विरळ होत चालला आहे. भाडे परवडत नाही म्हणून मालक एकट्या चालकाला पाठवतात. परिणामी झोप आल्यावर हाक मारणारा उरत नाही आणि पुढचा चालक घडवणारी शाळाही बंद पडते.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड मालवाहू वाहनांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. आधीच रस्त्यावर असलेल्या गाड्यांना हा नियम नाही, आणि नव्या चालकाच्या हाती सहसा मालकाची सर्वांत जुनी गाडी येते.